गच्चीवरची सावली आणि ठाण्याचे खरे बारा

अप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, बाराच्या ठोक्याला जेवायला वाढलं की ते घड्याळाकडे बघतच नाहीत, गॅलरीतल्या उन्हाकडे बघतात आणि म्हणतात, "अगं, मध्यान्ह अजून व्हायचीय, एवढी घाई कसली?" कितीतरी वर्षं मी हे म्हातारपणाचं खूळ म्हणून सोडून दिलं होतं. मग लॉकडाउनमध्ये एप्रिल महिन्यात गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले आणि खाली घरात परत जायचा कंटाळा आला म्हणून दोरीच्या खांबाची सावली बघत बसले, बारा वाजले, सव्वाबारा, साडेबारा, आणि सावली आपली लहानच होत चाललेली, सगळ्यात छोटी झाली ती पावणेएकच्या जरा आधी. म्हणजे अप्पा बरोबर होते. ठाण्यात बारा वाजता बारा वाजतच नाहीत.

कारण अगदी सोपंय. आपलं सगळ्या देशाचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे, ती रेघ जाते तिकडे मिर्झापूरजवळून, आणि ठाणे बसलंय साधारण ७३ अंशांवर. मध्ये साडेनऊ अंशांचा फरक. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणजे ३८ मिनिटं. मिर्झापूरच्या डोक्यावर आलेला सूर्य आपल्याकडे यायला ३८ मिनिटं लेट, आपल्या लोकलपेक्षा जास्तच. पूर्वी असं नव्हतं, मुंबईचा स्वतःचा टाइम होता, ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईनं आपला टाइम सोडला नाही, १९५५ पर्यंत तो तग धरून होता. अप्पा गिरगावात वाढलेले, ते सांगतात की लहानपणी "कुठला टाइम, मुंबई की स्टँडर्ड?" असं विचारून घ्यावं लागायचं. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला निघाली ती ३:३५ ला असं आपण शाळेत पाठ केलं, पण तेव्हा आजची प्रमाणवेळ होतीच कुठे, मुंबईच्या सूर्याचे ३:३५ म्हणजे आजच्या घड्याळात सव्वाचार.

तर हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर वर्षभराचा एक उद्योग आहे, खर्च शंभरेक रुपये, वेळ आठवड्याला पाच मिनिटं. मी आता चौथ्या वर्षात आहे आणि पहिली दोन वर्षं माझी वाया गेली, त्यामुळे कशात वाया गेली तेही सांगते.

लागणारं सामान: एक फूटभर लांब सळई किंवा जाड काठी, एक वायसर (नट-बोल्टखाली घालतात ती चकती, ५-६ मिलिमीटर भोकाची), रंगाचा रिकामा डबा, थोडं सिमेंट-वाळू, गवंडी वापरतात तो ओळंबा, आणि खाली पसरायला दोन फूट बाय दोन फूट सपाट पांढरं काहीतरी. जांभळी नाक्याला गेलात तर एका फेरीत सगळं मिळतं, ओळंबा नको असेल तर दोऱ्याला जड नट बांधा, काम तेच. सपाट पांढरं म्हणजे पांढरंच घ्या हं. मी शहाणपणा करून किचनच्या रिनोव्हेशनमधून उरलेला कडाप्पा वर नेला, चांगला जड, हलणार नाही, म्हटलं झकास. काळ्या दगडावर सावली दिसेल कशी? दीड महिना डोळे ताणून ताणून मार्किंग केलं आणि मग एका पाहुण्यांनी सहज विचारलं की याला पांढरा रंग का नाही दिलास. दिला.

सळई डब्यात उभी करून सिमेंट ओता आणि दोन बाजूंनी ओळंबा धरून सरळ आहे का बघा, समोरून सरळ दिसली तरी बाजूनं कललेली असते, दोन्हीकडून बघायचंच. वायसर सळईच्या टोकावर आडवा चिकटवायचा, पण भोक सळईवर येऊ द्यायचं नाही, वायसरची फक्त एक कड चिकटवा आणि भोक बाहेर मोकळं राहू दे. ही वायसरची भानगड कशाला? नुसत्या काठीच्या टोकाची सावली नीट दिसत नाही हो. सूर्य हा ठिपका नाहीये, अर्ध्या अंशाची थाळी आहे, म्हणून सावलीची कड नेहमी पुसट येते, टोक नक्की कुठे संपलं ते दोन माणसं दोन ठिकाणी दाखवतील. वायसरच्या भोकातून मात्र सावलीच्या मधोमध एक छोटा उजेडाचा ठिपका पडतो, त्याचा मध्य बिनधास्त मार्क करता येतो. भोकातून खाली ओळंबा सोडून जिथे टेकतो तिथे एक फुली करून ठेवा, ते तुमचं मूळ. आपल्याकडच्या जुन्या ज्योतिषात या उभ्या काठीला शंकू म्हणतात, आणि बारा अंगुळांच्या शंकूच्या सावलीवरून दिशा, वेळ काढायच्या रीती सूर्यसिद्धांतात दिलेल्या आहेत, आपण फक्त त्यात वायसर घातला.

जागा कुठली? इथे बहुतेकांचं गाडं अडतं. दक्षिणेची गॅलरी सगळ्यात भारी असं वाटतं, हिवाळ्यात खरंच भारी असते, पण एप्रिलनंतर दुपारचं ऊन आत येतच नाही, सूर्य डोक्यावर चढतो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब आडवा येतो. खाडीकडे तोंड असलेल्या, पूर्वेच्या गॅलरीत सकाळचं ऊन मिळतं, तिथे सकाळी ९ ची वेळ धरा आणि काठी चार इंचांचीच घ्या, कारण सकाळची सावली लांबलचक पडते. येऊरच्या डोंगराकडे, म्हणजे पश्चिमेला, तोंड असेल तर दुपारी ४. उत्तरेची गॅलरी असेल तर गच्चीच. मी गच्चीच धरली, म्हणजे चावी मागायला दर रविवारी सेक्रेटरींच्या घरी, त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "ताई, हे वास्तूचं काही आहे का?" मी हो म्हटलं. वाद घालण्यात काय अर्थ आहे, चावी मिळाली.

आता उत्तर दिशा. मोबाइलमधला कंपास वापरू नका, स्लॅबमधल्या सळया त्याला चक्रावून टाकतात, मी एकाच गच्चीवर तीन ठिकाणी तीन उत्तरा मोजल्यात. सावलीलाच विचारा. फुली मध्य धरून एक वर्तुळ काढायचं, सकाळी ठिपका त्या वर्तुळाला बाहेरून आत येताना जिथे शिवेल तिथे खूण, दुपारनंतर आतून बाहेर जाताना शिवेल तिथे दुसरी खूण, दोन्ही जोडल्या की ती पूर्व-पश्चिम रेघ, आणि तिला काटकोनात गुण्या लावून काढली की उत्तर-दक्षिण. हे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा, तेव्हा आकाश साफ असतं आणि सावली बऱ्यापैकी लांब असते. सकाळी ११ आणि दुपारी सव्वादोनच्या मध्ये कुठेतरी काम होऊन जातं, मधल्या वेळात खाली येऊन भाजी चिरा.

आळस असेल तर आणखी सोपा उपाय आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सूर्योदय-सूर्यास्त छापलेला असतो ना, दोन्हीचा बरोबर मध्य काढा, ती त्या दिवसाची मध्यान्ह. २१ डिसेंबरला साधारण ७:०७ आणि ६:०५, मध्य १२:३६. त्या मिनिटाला ठिपका फुलीच्या बरोबर उत्तरेला. झालं काम.

यानंतर खरी मजा. दर रविवारी बरोबर १२:३८ ला, मोबाइलवर सेकंद बघून, ठिपक्याच्या मध्यावर टिंब द्यायचं आणि शेजारी तारीख लिहायची. बस एवढंच. परमनंट मार्कर ही निव्वळ फसवणूक आहे, ठाण्याच्या उन्हात दोन महिन्यांत उडतो आणि उरलेला पाऊस धुऊन नेतो. नेलपॉलिश वापरा. माझा लाल नेलपॉलिशचा ठिपका दोन पावसाळे बघून अजून आहे.

पहिले काही आठवडे काही कळत नाही, टिंबं एका मागोमाग एक सरकत जातात, आणि तुम्हाला वाटतं की ती सरळ उत्तर-दक्षिण रेघेवर पडणार. पडत नाहीत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, दिवाळीच्या आसपास, टिंब रेघेच्या चांगलं दोन सेंटिमीटर पूर्वेला पडतं, कारण तेव्हा आपली मध्यान्ह १२:२२ लाच होऊन गेलेली असते. फेब्रुवारीच्या मध्यात पश्चिमेला, कारण तेव्हा ती १२:५२ पर्यंत येतच नाही. तीच गच्ची, तीच काठी, तेच घड्याळ, आणि सूर्य कधी १६ मिनिटं आधी कधी १४ मिनिटं उशिरा. मला आधी वाटलं माझंच काहीतरी चुकलं, काठी हलली असेल, मी दोन रविवार ओळंबा घेऊन बसले होते. चूक नव्हती. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला आहे आणि तिची वाट गोल नाही, जराशी लांबट आहे, जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सगळ्यात जवळ असते आणि जोरात पळते, या दोन कारणांची बेरीज-वजाबाकी होऊन सूर्याचा दिवस बरोबर २४ तासांचा कधी असतो कधी नसतो, आणि ते सेकंद साठत साठत मिनिटं होतात. घड्याळ सरासरी दाखवतं एवढंच. वर्षातून चारदा, साधारण १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबरला, दोघांचं जमतं, त्या दिवशी तुमचं टिंब रेघेवर येणार.

वर्षभराची टिंबं जोडली की इंग्रजी आठचा आकडा तयार होतो. फुटाच्या काठीला हा आठ साधारण फूटभरच लांब येतो, उत्तरेकडचं पोट मोठं, साडेचार सेंटिमीटरचं, आणि दक्षिणेकडचं अगदी चिमुकलं, सव्वा सेंटिमीटर. डिसेंबरच्या टोकाला सावली काठीच्या ९२ टक्के, २१ मार्चला एक तृतीयांशाच्या जरा वर, आणि २१ जूनला चक्क उलटी, काठीच्या दक्षिणेला, इंचाला थोडी कमी. आपण कर्कवृत्ताच्या खाली राहतो म्हणून हे बघायला मिळतं, दिल्लीकरांच्या नशिबात उलटी सावली नाही.

माझं दुसरं वर्ष वाया गेलं ते कुरडयांमुळे. एप्रिलमध्ये सगळ्या बिल्डिंगच्या बायका गच्चीवर पापड-कुरडया-सांडगे घालतात, कुणीतरी प्लॅस्टिक पसरायला माझा पांढरा कडाप्पा उचलून टाकीमागे ठेवला, आणि वर "तुमचं ते पूजेचं आम्ही नीट बाजूला ठेवलंय हां काकू" असं सांगितलं. रागावणार कुणावर, नंतर डबाभर कुरडया पण आल्या घरी. तेव्हापासून मी दगडाचे चारही कोपरे आणि डब्याचा गोल खाली गच्चीवर ऑइलपेंटनं आखून ठेवलेत, कुणी हलवलं तरी परत जागच्या जागी बसतं. हे पहिल्या दिवशीच करा.

पावसाळ्याचं काय? जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरपर्यंत रविवार-बिविवार विसरा, ज्या दिवशी ऊन पडेल आणि तुम्ही घरी असाल त्या दिवशी पळत वर जा. मला अख्ख्या पावसाळ्यात पाच किंवा सहा टिंबं मिळतात, आठचं दक्षिणेकडचं पोट त्यामुळे नेहमी फाटकं राहतं, राहू दे.

गच्ची मिळतच नाही, गॅलरी पण नाही, एक खिडकी आहे, असं असेल तर आरशाचा प्रयोग करा. नखाएवढा आरशाचा तुकडा, किंवा मोठ्या आरशावर काळा कागद चिकटवून त्याला पाच मिलिमीटरचं भोक, खिडकीच्या कट्ट्यावर आडवा चिकटवून टाका, ऊन पडलं की कवडसा छतावर जातो. दिवसभर तो छतावरून चालत राहतो. दर तासाला पेन्सिलीनं खूण केलीत की छताचं घड्याळ झालं, मुलांना तर वेड लागतं. हा कवडसा गोल असतो, आरशाचा तुकडा चौकोनी असला तरी दूरच्या छतावर गोलच पडतो, कारण ती सूर्याची थाळीच आहे. झाडाखाली पडणारे गोल गोल कवडसे पण तेच, उपवनला तळ्याकाठच्या झाडांखाली बघा. २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणात सकाळी आमच्या सोसायटीच्या बदामाखाली सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे झाले होते आणि लोक मोबाइल घेऊन वर बघत होते, खाली कुणीच बघत नव्हतं. एवढंच सांभाळा की सूर्याकडे थेट बघायचं नाही, आणि आरसा असा लावायचा नाही की समोरच्या बिल्डिंगमधल्या कुणाच्या डोळ्यात उजेड जाईल. आमच्याकडे एकदा गेला. समोरचे काका इंटरकॉम लावून बोलले.

आणि हातानं काही बनवायची खाज असेल तर सीडीचं सावलीचं घड्याळ. घरात जुन्या सीड्या पडल्याच असतील, कुणाच्या तरी लग्नाची तर नक्की, ती मात्र घेऊ नका, एक नवऱ्याच्या जुन्या गाण्यांची घ्या. मधल्या भोकात बाटलीचं बूच किंवा थर्माकोल घट्ट बसवून त्यातून विणकामाची लांब सुई आरपार घाला, सीडीला अगदी काटकोनात. आता ठाण्यासाठी जादूचा आकडा आहे १७.२ सेंटिमीटर, सुईचं एक टोक सीडीपासून तेवढं बाहेर ठेवा. मग ते टोक आणि सीडीची कड दोन्ही टेबलावर टेकवलीत की सुई आपोआप १९ अंश कलते, जेवढा ठाण्याचा अक्षांश तेवढीच. सीडीची त्रिज्या ६ सेंटिमीटर, बाकी शाळेतली त्रिकोणमिती, टॅन १९.२ आठवत असेल तर पडताळून बघा. टेकलेलं टोक दक्षिणेला, वर उचललेलं टोक उत्तरेला. रात्री त्या वरच्या टोकाच्या दिशेनं बघितलंत तर तिकडेच ध्रुव असतो, ठाण्यात तो क्षितिजाच्या १९ अंशच वर असतो म्हणून आपल्याला बिल्डिंगांच्या मागे कधी दिसत नाही.

सीडीच्या दोन्ही बाजूंना कागद चिकटवा आणि दर तासाला १५ अंश अशा रेघा आखा, सगळ्या सारख्या अंतरावर, म्हणूनच हे घड्याळ सोपं. आडव्या पाट्याच्या घड्याळात आपल्याकडे दुपारच्या रेघा इतक्या चिकटून येतात, बारा आणि एक यांच्यात जेमतेम पाच अंश, की वाचता वाचता डोळे दुखतात. सीडीच्या अगदी तळाची, टेबलाला टेकणारी जागा म्हणजे १२:३८. बाराची रेघ तिथून साडेनऊ अंश पश्चिमेला. २१ मार्च ते २३ सप्टेंबर ऊन उत्तरेच्या बाजूवर पडतं, तिथे सावली आपल्या भिंतीवरच्या घड्याळासारखी फिरते. उरलेले सहा महिने दक्षिणेच्या बाजूवर, तिथे ती उलटी फिरते, त्यामुळे आकडे दोन्हीकडे वेगळे लिहा, मी एकीकडचे छापून दुसरीकडे तसेच चिकटवले आणि आठवडाभर डोकं खाजवलं. मार्च आणि सप्टेंबरच्या त्या चार-पाच दिवसांत ऊन नुसतं कडेवरून जातं, धड इकडे नाही धड तिकडे नाही, तेव्हा घड्याळाला सुट्टी.

आता राहिला १६ मे. त्या दिवशी, एखादा दिवस इकडेतिकडे, सूर्य ठाण्याच्या बरोबर डोक्यावर येतो आणि साधारण १२:३५ ला उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते. त्यासाठी काठी-बिठी काही नको, स्टीलचा सरळ ग्लास पुरे, किंवा पाण्याची बाटली. पाच मिनिटं आधी ठेवा, दोन-तीन वेगवेगळ्या उंचीच्या वस्तू ठेवा, आणि ग्लासच्या कडेनं चिकटलेली काळी रेघ बारीक बारीक होत नाहीशी होते ते बघत राहा. मी बिल्डिंगमधल्या पोरांना दरवर्षी बोलावते, सुट्टीच असते त्यांना, पण लादी इतकी तापलेली असते की चपला घालून या म्हणून निक्षून सांगावं लागतं. पहिल्या वर्षी वॉचमनदादा पण आले होते वर, ग्लासाभोवती एक चक्कर मारली, स्वतःच्या पायाखाली बघितलं, मग म्हणाले, "ताई, माझी पण गेली की."

दुसरा असाच दिवस २७ जुलैच्या आसपास येतो, १२:४५ च्या सुमारास. तो मी अजून एकदाही बघितलेला नाही. दरवर्षी ग्लास घेऊन वर जाते, छत्री पण नेते.